हौसाकाकीची अळंब्यांची जागा

विनीतनं फोटो टाकला तो निव्वळ कौतुकापोटी. वारुळाच्या कडेनं वर आलेल्या अळंब्यांच्या पांढऱ्या कळ्या, आणि खाली ओळ, 'आमच्या हौसाकाकीचा खजिना!' वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला अंगठा उमटला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की फोटोत मागं आप्पांचा वाकडा काजू अख्खा उभा आहे. पावसजवळच्या त्या वाडीत माणसं एक वेळ चुलत्याला ओळखायची नाहीत, पण तो काजू ओळखतील. त्यानं घाईघाईनं फोटो काढून टाकला. तोवर वाडीतल्या लवूनं तो आणखी दोन ग्रुपांवर धाडला होता.

आता ही जागा म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं. अळंबी दर भाद्रपदात त्याच त्या वारुळापाशी उगवते, आणि ज्याला वारूळ ठाऊक तो राजा. हौसाकाकी केळशीहून लग्न होऊन आली, तेव्हा सासूनं कपाटाच्या किल्ल्या पहिल्याच वर्षी हवाली केल्या; अळंब्यांची जागा मात्र अंथरुणाला खिळल्यावर, तीही दार लावून सांगितली. काकीनं ती नवऱ्यालाही कळू दिली नाही. काका बोटीवर खलाशी. जग हिंडलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, असं तिचं मत. अळंब्यांना निघाली की ती आधी उलट्या दिशेला चालायची, भेटेल त्याला गुडघेदुखी ऐकवायची आणि परतताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायची. अळंब्या भाऱ्याच्या पोटात.

अशी ही काकी. पण यंदा गणपतीला मुंबईहून आलेल्या या पुतण्यानं तिचा पदरच सोडला नाही, तेव्हा ती त्याला संध्याकाळी वारुळावर घेऊन गेली. कळ्यांना हात लावू दिला नाही. सकाळी खुडू म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची नणंद मालन जेवायला यायची होती. गौरी गेल्यावर मालनच्या पानात अळंबीची भाजी पडली नाही असं एकही साल गेलं नव्हतं, आणि यंदा ते जाणार होतं विनीतच्या अंगठ्यामुळं.

सकाळी तो उठून बघतो तर काकी गवताला गेलेली. धावत काजूपाशी पोचला, तर तिथं जत्रा. माणसं एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं छत्र्या उपटत होती. वारूळ केव्हाच साफ झालं होतं, म्हणून आता कुजक्या ओंडक्यावरचं, शेणावरचं, पिवळं, ठिपक्याठिपक्यांचं, डोक्यावर टोपी असेल ते सगळं टोपलीत पडत होतं.

टोपल्या भरल्या आणि मग सगळ्यांना विषाची भीती वाटली. वरात निघाली ती थेट हौसाकाकीच्या अंगणात. काकी परत येऊन पायरीवर बसलीच होती, आणि विनीतला वाटलं तशी मुळीच रडवेली नव्हती. उलट लग्नघरातल्या यजमानिणीसारखी फुललेली. तिनं एकेक टोपली पालथी करायला लावली आणि भेसळ दिसली की अख्खी टोपली खड्ड्यात. चांगल्याला वाईट लागलं, आता सगळंच गेलं. लवूनं सुचवलं, लसणीबरोबर उकडून पाहू. लसूण काळी नाही पडली तर खाऊ.

"लसूण राहील मेल्या पांढरी, तू पडशील काळा," काकी म्हणाली. "ओळखीची नाही ती चुलीवर नाही."

लवूच्या बायकोनं, हौसाकाकी, तुम्ही तरी कशा ओळखता, असं विचारलं. शेजारची सून लांबून नुसत्या चालीवरनं ओळखतेस ना, तसंच, असं उत्तर आलं. अंगण हसलं, सून सोडून. सगळ्या टोपल्या खड्ड्यात गेल्या, माणसं रिकाम्या हातांनी, पण पोटभर हसून घरी गेली. विनीतला मात्र त्या खड्ड्यातच उडी मारावीशी वाटत होती.

दुपारी मालन पानावर बसली, आणि काकीनं ओलं खोबरं घातलेली अळंबीची भाजी तिला पळीभर वाढली. विनीत पानातला भात नुसता चिवडत बसला. इतक्या अळंब्या आल्या कुठून, हेही त्याच्या डोक्यात शिरेना. अपराधच मोठा होता.

"काकी, माझ्यापायी तुझी जागा गेली ना गं?"

काकीनं मालनला आणखी एक पळी वाढली.

"तुला दाखवली ती माझी नव्हेच."