डोकमर्डीच्या घरात दूध उतू जाईना

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. माझं शिवणयंत्र मी अमावास्येला घरी आणलं. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच हाकलते. नवरात्रात कुणाच्या अंगात आलं की मागच्या रांगेत बसून घरी जाऊन काय शिजवायचं याचा विचार करते. इथे लोक लिहितात ते भुताटकीचे सगळे अनुभव वाचते, आवडीने वाचते, आणि मनात म्हणते — चला, तेवढाच टाइमपास! म्हणून स्वतःचा लिहायला इतकी वर्षं टाळाटाळ केली. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, हे तू आम्हाला शंभरदा सांगितलंयस. एकदा लिहून टाक, म्हणजे आम्ही सुटू."

तर स्थळ — सिल्वासा, डोकमर्डी. साल एक्क्याण्णव, डिसेंबर. आणि वेळ दरवेळी सकाळची, लख्ख उन्हाची. मध्यरात्र आणि अमावास्या शोधणाऱ्यांची थोडी निराशा होईल.

आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले, साक्री तालुक्यातले. ऐंशी साली माझं लग्न झालं आणि आठच दिवसांत मिस्टरांबरोबर सिल्वासाला आले. ते धाग्याच्या कारखान्यात मशीन फिटर होते. आज हे अंतर काही वाटत नाही, पण तेव्हा मला परदेशात आल्यासारखंच वाटलं होतं. धड महाराष्ट्र नाही, धड गुजरात नाही, कारभार थेट दिल्लीचा. दुकानाच्या पाट्या गुजरातीत, कारखान्यात हिंदी, खानवेलकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांची भाषा तिसरीच. पहिले सहा महिने मी बोटाने दाखवून किराणा आणलाय.

अकरा वर्षांत पाच भाड्याच्या खोल्या झाल्या, सगळ्या जवळच्याच अथालला. एका मालकाला शिवणयंत्राचा आवाज सहन व्हायचा नाही. एकाने भिंतीला खिळा मारू दिला नाही, तर मी दोन वर्षं कॅलेंडर खुर्चीवर ठेवलं — आणि पाहुणे आले की ते उचलून हातात धरून उभी राहायची! त्यामुळे डोकमर्डीला रो-हाउस बांधतायत हे कळलं, तेव्हाच मी ठरवलं. सहावं बिऱ्हाड भाड्याच्या खोलीत मांडायचं नाही. काय वाट्टेल ते होवो.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे दोन पायऱ्या, मागे शेवग्याचं झाड मावेल एवढी जागा. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा भिंतींना प्लॅस्टरसुद्धा नव्हतं, तरी मी मनातल्या मनात तिथे खिळे मारून आले.

फॉर्म भरताना बिल्डरच्या ऑफिसात मिस्टरांनी सवयीने 'कायमचा पत्ता' गावचा लिहिला. सिल्वासात आलेले सगळेच तसं लिहायचे. पंधरा-पंधरा वर्षं झालेली माणसंही! आमची नावंसुद्धा गावच्या रेशनकार्डावरच होती. इथे आम्ही दुकानातून महागाचं धान्य आणून खायचो, पण नाव काढून आणण्याचा विषय कुणी काढायचं नाही. मीही कधी काढला नाही.

मिस्टरांचा स्वभाव मऊ. तिकडे सासूबाई गावी एकट्या. त्यांच्या मते पोरगा आता परत यायला हवा होता. धुळ्याला मिस्टरांच्या चुलतभावाचं वर्कशॉप होतं, तो केव्हाही या म्हणत होता. मिस्टर कधी इकडे झुकायचे, कधी तिकडे. घराची चावी आधी मिळाली, पण खरेदीखत डिसेंबरअखेर होणार होतं. तोवर 'नको' म्हणायची सोय होती. ही सोयच माझ्या मुळावर येणार होती.

सासूबाई गृहप्रवेशासाठी आल्या. दारातच थांबल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, आधी दूध उतू जाऊ दे, मग मी आत पाय ठेवीन. आता ही रीत सगळ्यांना माहीत आहे. नव्या घरात आधी चुलीवर दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं, म्हणजे घरात काही कमी पडत नाही. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, "बसा आई पायरीवर, आत्ता बोलावते."

वातीचा स्टोव्ह अथालहून आणला होता. त्याला हळद-कुंकू लावलं, म्हशीचं दूध ठेवलं. दूध तापलं, साय धरली, कडेने बुडबुडे आले. आम्ही तिघं बघत उभे — मी, मिस्टर आणि आमची सहा वर्षांची वैशू. दूध जरा वर आलं... आणि खाली बसलं. परत जरा वर, परत खाली. अर्धा तास झाला. दूध आटायला लागलं. आम्ही काही बासुंदी करायला आलो नव्हतो!

"झालं का वं?" पायरीवरून सासूबाई.

"होतंय, होतंय."

नाही झालं. मी म्हटलं, पातेलं पसरट होतं. दुसऱ्या दिवशी उभट पातेलं नेलं. तिसऱ्या दिवशी काठोकाठ भरलं. चौथ्या दिवशी गाईचं दूध. खिडकी उघडी ठेवून झाली, बंद करून झाली. रोज सकाळी अथालहून शटल रिक्षात मी मांडीवर दुधाची बरणी घेऊन बसायची. रिक्षावाला विचारायचा, "भाभी, डेअरी खोली क्या?"

शेजारच्या घरात हंसाबेन राहायला आल्या होत्या, वापीकडच्या. त्या रोज भिंतीपलीकडून विचारायच्या, "दूध ऊभरायुं?" म्हणजे उतू गेलं का. सहाव्या दिवशी त्यांनाच राहवलं नाही. माझं तेच पातेलं, तेच दूध उचलून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात नेलं. चार मिनिटांत भसाभसा उतू गेलं, त्यांचा गॅस विझला. तिथून माझ्या घरात आणलं, स्टोव्ह पेटवला... गप्प. दोन्ही घरांमध्ये एक भिंत, बाकी सगळं सारखं.

मिस्टर तसे मशीनवाले. त्यांनी कारखान्यातून थर्मामीटर आणला. दूध रीतसर उकळत होतं, आकडा बरोबर होता. फक्त वर येत नव्हतं. त्यांनी थर्मामीटर पुसून खिशात ठेवला.

आठव्या दिवशी मी एकटी गेले होते. म्हटलं, माणसांच्या नजरेने अडत असेल तर तेही बघू. (बघा, मी कुठवर पोचले होते!) त्या दिवशी दूध वर आलं. वर, वर, थेट काठापर्यंत. काठाच्याही बोटभर वर फुगलं आणि तिथे थांबलं. खाली नाही, बाहेर नाही. मी मनात पन्नासपर्यंत मोजलं. हलेना. कुणीतरी दारात येऊन, आत या म्हणायची वाट बघत उभं असावं, तसं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तरी मी मोठ्याने म्हटलं, "जा ना! काय अडलंय तुझं?" तसं ते हळूच खाली बसलं.

हे मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी आमचा गाशा गुंडाळला गेला असता.

पण सासूबाईंनी नवव्या दिवशी निकाल लावलाच. "या घराला तुम्ही नको आहात," त्या म्हणाल्या. "घर सांगतंय, तुम्हाला ऐकू येत नाही." आणि मिस्टर खाली बघत म्हणाले, "सोमवारी बिल्डरला नाही म्हणून सांगतो. जाऊ गावी."

मी भांडले. जन्मात भांडले नव्हते तेवढं भांडले. म्हटलं, दुधाच्या तालावर मी माझं आयुष्य नाचवणार नाही. उपयोग झाला नाही. आतून मीही खचले होते, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळी आम्ही डोकमर्डीला सामान आवरायला गेलो. तसं सामान होतं काय — एक चटई, एक बादली, स्टोव्ह. मी हट्टाने दूध घेऊन गेले होते. पातेल्यात ओतलंही. मिस्टर म्हणाले, "आता बास." त्यांनी स्टोव्हमधलं रॉकेल डब्यात ओतलं, स्टोव्ह वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पोत्यात भरला. दूध तसंच ओट्यावर राहिलं. थंड. घरात पेटती काडीसुद्धा नव्हती. हे नीट लक्षात ठेवा.

तेवढ्यात दाराशी एक माणूस आला. रेशनकार्डाच्या तपासणीला. चावी मिळाली तेव्हा कारखान्याच्या ऑफिसने सगळ्यांचे नव्या कार्डाचे अर्ज एकगठ्ठा दिले होते, आमच्या अर्जावर राहण्याचा पत्ता या घराचा टाकला होता; आम्ही विसरूनही गेलो होतो. सासूबाई नेहमीसारख्या पायरीवर बसलेल्या. त्यांना वळसा घालून तो उंबऱ्यात उभा राहिला, कागद काढला. नाव, वय, नोकरी. मग म्हणाला, "कायमी सरनामुं?" म्हणजे कायमचा पत्ता.

मिस्टरांनी सुरू केलं, "मुक्काम पोस्ट..."

"थांबा," मी म्हटलं. "हाच लिहा."

"अगं, ते कायमचा विचारतायत."

"कान आहेत मला. कायमचा हाच. डोकमर्डी, सिल्वासा."

खरं सांगते, मी काही ठरवून बोलले नाही. निव्वळ रागाने बोलले. सोमवारी घर सोडायचं होतं आणि मी त्याचा कायमचा पत्ता देत होते! तो माणूस म्हणाला, "तो पछी गामना कार्डमांथी नाम कमी करावुं पडशे, बेन."

गावच्या कार्डातून नाव कमी करावं लागेल. सासूबाईंना गुजराती येत नव्हती, पण 'नाम कमी' त्यांना कळलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या कार्डावर लग्नानंतर माझं नाव त्यांनीच चढवून आणलं होतं, उन्हात रांगेत उभं राहून. अकरा वर्षं हे का टाळलं होतं, ते त्या एका क्षणात कळलं. पण आता मागे फिरणं नव्हतं.

"करते कमी," मी म्हटलं. रडत होते, तरी म्हटलं. "मी स्वतः जाऊन दाखला आणते. तुम्ही लिहा."

मिस्टरांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळू आवाजात त्याला म्हणाले, "लिहा. ती म्हणतेय तसंच लिहा."

त्याने लिहिलं. मग विचारलं, "केटला माणस?"

"तीन," मी म्हटलं.

आणि सासूबाई ओरडल्या, "माय वं! दूध गयं!"

पायरीवरून सरळ रेषेत स्वयंपाकघराचा ओटा दिसायचा. आम्ही वळेपर्यंत त्या उठल्या होत्या. दूध जाताना दिसलं की कुठलीही बाई पळते, विचार करत नाही. उंबरा ओलांडून, आमच्यामधून, पहिली खोली पार करून त्या थेट ओट्याशी गेल्या आणि दोन्ही हातांनी पातेलं धरलं.

दूध उतू जात होतं. पातेल्याच्या चहूबाजूंनी, पांढरंशुभ्र, ओट्यावरून फरशीवर. वाफा निघत होत्या. स्टोव्ह पोत्यात होता, पोतं दाराशी. मिस्टरांनी पातेलं उचलून खालच्या दगडाला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गार आहे." हंसाबेन धावत आल्या. वैशू टाळ्या वाजवायला लागली. तो रेशनवाला उंबऱ्यातून विचारत होता, "शुं थयुं, शुं थयुं?"

सासूबाईंची दोन बोटं भाजली होती. मी त्यांचा हात नळाखाली धरला. त्यांनी भिंतींकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. आपण आत उभ्या आहोत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. त्यांनी स्वतःच नळ बंद केला.

मग म्हणाल्या, "त्याला सांग, चार लिही."

खरेदीखत झालं. मी साक्रीला जाऊन चौघांची नावं कमी करून आणली. परतीच्या एसटीत पूर्ण वेळ रडले, पण आणली. सासूबाई पुढे चौदा वर्षं याच घरात राहिल्या. त्या दोन बोटांवरचे पांढरट डाग शेवटपर्यंत होते. दुधाबद्दल विचारलं की म्हणायच्या, "गेलं ना? मग झालं." मिस्टरांनी निवृत्त होईपर्यंत बऱ्याच थिअऱ्या मांडल्या — हवेचा दाब, दगडातली ऊब, दुधातला दोष — आणि स्वतःच एकेक खोडून काढल्या. आता आमच्याकडे दूध इतरांसारखंच उतू जातं. जरा जास्तच जातं, कारण मी फोनवर बोलत बसते.

मी आजही अमावास्या पाळत नाही. त्या दिवशी काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मनापासून वाचेन. फक्त 'तुम्हाला भास झाला असेल' एवढं सांगू नका. ओटा मी माझ्या हाताने पुसलाय.