फुस्समास्तरांचे दोन शब्द

त्या अकरा मजली कचेरीतल्या एसी मेकॅनिकला सगळे फुस्समास्तर म्हणत. एसी उघडायचा तर आतला गॅस आधी काढावा लागतो, आणि बाकीचे मेकॅनिक तो कसा काढतात? नळी सैल केली, फुस्स, काम फत्ते! तो आवाज कानावर आला की मास्तर जिने उतरून धावत येत आणि समोरच्याची खरडपट्टी काढत. स्वतः ते गॅस मशीनने ओढून सिलिंडरमध्ये भरत. त्यात अर्धा तास जास्त मोडायचा, आणि घामेजलेले बाबू त्यांच्या नावाने खडे फोडायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात एका प्रशिक्षणात शिरलं. तिथल्या बाईंनी सांगितलं की हा गॅस एक किलो सुटला, तर तो दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. पृथ्वीचा ताप एका हद्दीपलीकडे गेला की बर्फ आपणहून वितळत जातं, जंगलं आपणहून वाळत जातात. मग माणसाने कितीही हातपाय मारले तरी ते थांबत नाही. बाई त्याला कडेलोट म्हणाल्या. बाकीचे चहाची वाट बघत होते. मास्तरांनी मात्र तापत तापत स्वतःलाच जाळून घेणारे कॉम्प्रेसर आयुष्यभर पाहिले होते. त्यांना लगेच कळलं.

"अहो, तुमच्या एकट्याच्या सिलिंडरांनी काय होणारे?" बायको विचारायची.

"व्हायचं ते होऊ दे. माझ्या हातून नको."

चौदा वर्षांत एकेचाळीस सिलिंडर भरले. हा गॅस नष्ट करणारा कारखाना दुसऱ्या शहरात होता. तिकडे पाठवा, म्हणून मास्तरांनी अर्जांवर अर्ज केले. मॅनेजरसाहेब दरवेळी "बघू" म्हणाले, आणि सिलिंडर मागच्या शेडमध्ये पडून राहिले. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत : सोडू नये. चिठ्ठ्यांना भोकं पाडून दोरे ओवायचं काम बायकोचं.

मास्तर निवृत्त व्हायला आले तेव्हा साहेबांना साक्षात्कार झाला. कंपनीला पर्यावरणाचा काहीतरी कार्यक्रम हवाच होता, फोटोंसकट. मास्तरांचा सत्कार ठरला. मास्तरांनी भाषण लिहून खिशात ठेवलं. सगळ्यांदेखत साहेबांकडून सिलिंडर पाठवण्याचा शब्द घ्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवशी बायकोला घेऊन ते आले, तर शेडमध्ये जेवणाची टेबलं मांडलेली.

"सिलिंडर पाठवले?" त्यांनी स्टोअरकीपरला विचारलं. चेहरा नुसता फुलला होता.

"भंगारात दिले की. शेड हवी होती ना, तुमच्याच कार्यक्रमाला! भंगारवाला भरलेले घेईना, म्हणून काल सगळे उघडून ठेवले. दोन तास नुसतं फुस्स! तुमची फार आठवण आली, मास्तर." त्याने चिठ्ठ्यांचा जुडगा पुढे केला. "या तेवढ्या जपून ठेवल्यात. तुमच्यासाठी."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायचं कुणावर? या भल्या माणसाला फक्त टेबलं मांडायची होती.

साहेबांनी मानपत्र दिलं, वसुंधरेवर दहा मिनिटं तारे तोडले आणि माइक पुढे केला. "मास्तर, दोन शब्द बोला."

मास्तरांनी खिशातल्या भाषणाला हात लावला नाही. हातातली वरची चिठ्ठी वाचली.

"सोडू नये."

"मग नोकरी कशाला सोडताय?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे खो खो हसत सुटले. साहेबांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या थांबेचनात.

पहिल्या रांगेत त्यांची बायको तेवढी हसली नाही. तिने एकेचाळीस दोरे ओवले होते.