समोरच्या जपानी वर्गाविरुद्धचा अर्ज

सुमतीताईंच्या घरी शिकायला येणाऱ्यांना चपला काढून त्या रस्त्याकडे तोंड करून ठेवाव्या लागत. जपानात तशी रीत आहे म्हणे. कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर बरोबर माझ्या दारासमोर, त्यामुळे रोज संध्याकाळी पंचवीस-तीस जोड माझ्याकडे बघत बसलेले असत आणि माझा जळफळाट होई. माझ्या उंबऱ्याबाहेर चार जोड, तेही लहान मुलांचे.

मी शाळेतून निवृत्त झालेली संस्कृतची शिक्षिका. त्या एका कारखान्याच्या ऑफिसातली नोकरी सोडलेल्या. दोघींनी शिकवण्या एकाच जूनमध्ये सुरू केल्या. चाळिशीनंतर जपानी शिकलेली बाई, हिला कोण विचारतंय, असं मला वाटलं होतं. पण आयटी कंपन्या आल्या, त्यांना जपानची कामं मिळाली आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले इंजिनिअर थेट हिंजवडीहून त्यांच्याकडे येऊ लागले. आधी स्कूटर, मग मोटारसायकली, मग गाड्या. एकाने तर माझ्याच फाटकात उभं राहून मला विचारलं, "जपानी बाई कुठे राहतात?"

"जपानात," असं सांगून मी दार लावून घेतलं.

सुमतीताई स्वभावाने वाईट असत्या तर फार बरं झालं असतं. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून दुचाकी ढकलत आणायची, असा त्यांचा नियम होता. कुणी भर्रकन आत आणलीच तर त्या व्हरांड्यातून म्हणत, "आवाज घशातून काढा, सायलेन्सरमधून नको." ती थोराड माणसं ओशाळून ऐकत. माझं चार पोरं ऐकत नव्हती.

तरी चारचाकी काही ढकलून आणता येत नाही. शेवटी मी महापालिकेला अर्ज लिहिला. गल्लीच्या मंडळाची चिटणीस मीच. पहिल्या घरापासून ओळीने सह्या घ्यायच्या, एकही घर गाळलं तर कागद बाद, हा नियमही मीच केलेला. सहा सह्या झाल्या आणि सातवं घर सुमतीताईंचं आलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले ते.

त्यांनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला.

"काळेबाई, 'निवासी शांततेचा भंग' झकास लिहिलंय. पण अँब्युलन्सचं राहिलं की. परवा नेने आजोबांना न्यायला आलेली गाडी कोपऱ्यावरच अडकली."

"अहो, हा अर्ज तुमच्याविरुद्ध आहे."

"वाचला ना मी. गाड्या माझ्याकडे येतात म्हणून मला त्रास दिसू नये की काय?" असं म्हणून त्यांनी सही केली.

अर्ज पाठवायची वेळच आली नाही. महिन्याभरात त्यांनी मोठ्या रस्त्यावर एक हॉल भाड्याने घेतला आणि वर्ग तिकडे नेला. गल्ली शांत झाली. मी आठवडाभर व्हरांड्यात खुर्ची टाकून ती शांतता मनसोक्त उपभोगली.

मग माझी तीन मुलं यायची थांबली. चौथी इरा. तिची आई, सुमतीताईंची विद्यार्थिनी, मला सांगायला आली.

"बाई, माझा क्लास आता तिकडे असतो. इराला इथे कोण आणून सोडणार? सुमतीताईच म्हणाल्या होत्या, तुम्ही इथे शिकता तोवर मुलीला समोर घाला, संस्कृत शिकावं तर काळेबाईंकडे. चौघांनाही त्यांनीच पाठवलं होतं."

मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, त्याआधी राग आला. चांगुलपणातसुद्धा ही बाई माझ्या पुढेच!

पुढे सुमतीताई लेकीकडे बंगळूरला कायमच्या राहायला निघाल्या. निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मी सगळं बोलून टाकायचं ठरवलं होतं. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "शिकवणी कशी चाललीय?"

"उत्तम," मी म्हणाले. "बसायला जागा पुरत नाही."

"बरं झालं हो," त्या उठता उठता म्हणाल्या. "तेवढीच काळजी होती मला."