तेरा इंच तीन सूत

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाऊणराव करवतीच्या यंत्रापाशी वाकून दहा फुटी पितळी सळईवर टेप धरत होते. जिन्याचे कठडे बनवणाऱ्या या कारखान्यात कापाची चिठ्ठी सव्वीस वर्षं तेच लिहीत आले. बोलताना पाव-पाऊण सोडत नाहीत, म्हणून हे नाव पडलं. आजची चिठ्ठी मात्र छापील होती. मालकांच्या नव्या जावयाने ती कॉम्प्युटरवर केली होती, आणि जमली तर उद्यापासून चिठ्ठीचं काम त्याच्याकडे जाणार होतं.

एका सळईतून कठड्याचे नऊ उभे गज काढायचे, प्रत्येक तेरा इंच तीन सूत. जावईबापूंनी ते १३.३ असं लिहून नऊने गुणलं होतं. आले ११९.७. सळई एकशे वीस इंच. वर तीन सूत शिल्लक, हेही सासऱ्यांना अभिमानाने दाखवून झालं होतं.

“जावईबापू, इंचात सूत आठच असतात,” पाऊणराव म्हणाले. “तीन नवे सत्तावीस सूत, म्हणजे तीन इंच तीन सूत. ते एकशे सतरात मिळवा. सळई इथेच तीन सूत कमी पडली. शिवाय दर कापाला करवत एक सूत खाते, ते वेगळंच.”

“काका, कॉम्प्युटर चुकत नाही.”

“नाहीच चुकत. बिचारा सांगितलेलं ऐकतो.”

मालक छताच्या पंख्याकडे बघत होते. हिशोब त्यांना येत होता. जावयाला चूक कसं म्हणायचं, ते येत नव्हतं.

“चिठ्ठीप्रमाणे कापा,” ते म्हणाले.

चिठ्ठीप्रमाणे आठ गज नीट निघाले असते आणि नववा बरोब्बर बारा इंचांचा. दुसरी सळई सोमवारी येणार होती, कठडा उद्या दुपारी बसवायचा होता. जावयाची जिरली असती, पाऊणरावांचं काम त्यांच्याकडेच राहिलं असतं. अडचण एवढीच, की पितळ वाया घालवायला त्यांचा हात सव्वीस वर्षांत शिकला नव्हता. वाईट सवय, दुसरं काय!

त्यांनी आठ कापांचा एक इंच वजा केला, उरलेल्याचे नऊ वाटे केले आणि प्रत्येक गज तेरा इंच पावणेदोन सूत कापला. नऊच्या नऊ सारखे. कठडा सव्वा सुताने बुटका होणार होता. एवढी तर चपलेची टाच झिजते.

जावईबापूंनी गज मोजले. संख्या मोजली, लांबी नाही. “बघा! बसलं की नाही गणित?”

मालकांनी एक गज उचलून त्याला टेप लावला आणि पाऊणरावांकडे पाहिलं. “पक्कं बसलं,” ते जावयाला म्हणाले. मग पाऊणरावांना बाजूला घेतलं. “उद्यापासून चिठ्ठी हेच काढतील. तुम्ही फक्त शेजारी बसा. चुकलं तर हळूच सांगा, चारचौघांत नको.”

“बसू कशावर? खुर्ची तर एकच आहे.”

“स्टूल आहे की.”

उद्याची चिठ्ठी साडेआठला छापून येईल. एरवी नऊला येणाऱ्या पाऊणरावांना सव्वाआठला बोलावलं आहे.