कडी नसलेला पिंजरा

सुंदरबाईंना नावांची काही कमतरता नव्हती. गिऱ्हाइकं शेठाणी म्हणत, शेजारचे काकी म्हणत, जैन स्थानकातल्या बायका भाभी म्हणत आणि पुण्यात धंदा काढून बसलेला मुलगा पीयूष रविवारी फोनवर मम्मी म्हणे. राहिला नवरा. सोहनलाल शेठजींचं जुन्नरच्या पेठेत किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर घर. काही लागलं की ते गादीवरून जरा मागे झुकत आणि जिन्याकडे तोंड करून म्हणत, "ऐकलं का?" लग्न झाल्यापासून या माणसाने बायकोला दुसरी हाक मारलेली नाही. चहा हवा, ऐकलं का. चष्मा सापडत नाही, ऐकलं का. पीयूष जन्मला तेव्हाही दवाखान्याच्या दारातून हेच.

खरं तर सुंदरबाई हेही त्यांचं नाव नव्हे. माहेरी, घोडनदीला, त्या पानकंवर होत्या. सासरी आल्या तर मोठ्या जाऊबाईही पानकंवरच निघाल्या. एका घरात दोन पानकंवर कशा चालणार? सासूबाईंनी उंबरठ्यावरच निकाल लावला आणि धाकटीला सुंदरबाई करून टाकलं. तिला विचारायचं कुणाला सुचलंही नाही. नवं भांडं घरात आलं की त्यावर नाव घालून घेतात, तसंच ते झालं.

आई मात्र शेवटपर्यंत "पानू" म्हणायची. पंधरा दिवसांनी एकदा फोन यायचा, आणि पलीकडून आधी खोकला आणि मग "पानू" एवढं ऐकू आलं की बाकी बोलणं नाही झालं तरी चालायचं. ती आई गेली. दुखवट्याच्या बैठकीहून परत येताना एसटीत, खिडकीपाशी बसल्या बसल्या, सुंदरबाईंच्या एकदम ध्यानात आलं की आपल्याला पानू म्हणणारं आता या पृथ्वीवर कुणीच उरलेलं नाही. भाऊ आणि बहीण बाई म्हणतात, भावजय बाईसा म्हणते. आईसाठी त्या रडून झाल्या होत्या. आता त्या पानूसाठी रडल्या. कंडक्टरने तिकीट हातात ठेवलं आणि तो पुढे गेला.

त्यानंतरच्या वैशाखातली गोष्ट. गोजरबाई ही पश्चिमेच्या डोंगरातली. हिरडा नाहीतर हातसडीचा तांदूळ घेऊन ती बाजारच्या दिवशी दुकानात यायची आणि माल मापून झाला की वर जिन्याच्या पायरीवर बसून सुंदरबाईंच्या हातचा चहा प्यायची. त्या दिवशी ती सांगत होती की वळवाच्या वाऱ्याने सावरीचं झाड आडवं झालं, ढोलीतली पोपटाची पिल्लं चिरडली आणि एक तेवढं जगलं. नातवंडं त्याला नाचणीची पेज भरवत होती.

"तुमास्नी पायजे का त्ये? माज्या घरी मांजर हाय. आज न्हाई तर उद्या खाईल."

सुंदरबाईंनी कपबशी खाली ठेवली. "बोलेल का गं तो?"

"शिकवाल त्ये बोलंल. काय शिकवू? राम राम?"

सुंदरबाईंनी जिन्यावरून खाली पाहिलं. शेठजी गिऱ्हाइकात होते. त्या हळूच म्हणाल्या, "पानू म्हणायला शिकव."

"पानू कोन?"

"माझ्या आईची मुलगी."

गोजरबाईने जरा विचार केला आणि कपाळाला हात लावला. "आगं बया, म्हंजी तुमीच की!"

असं ठरलं की पिल्लू पावसाळाभर डोंगरातच वाढवायचं, घरातल्या पोराटोरांनी त्याच्यापुढे येता-जाता पानू-पानू करायचं, आणि पर्युषणाचे उपास संपले की गोजरबाईने त्याला घेऊन यायचं. पंख मात्र छाटायचे नाहीत, हे सुंदरबाईंनी बजावून सांगितलं.

इथपर्यंत सोपं होतं. अवघड पुढेच होतं, कारण घर कुणाचं? सोहनलाल शेठजींचं. दर पर्युषणात हा माणूस फासेवाल्यांनी धरलेले तितर, लाव्हे, मुनिया जे मिळेल ते विकत घेऊन गच्चीवरून सोडून द्यायचा. जीवदयेसाठी पेठेत त्यांचं नाव होतं. ते दिवस आले की पाखरं घेऊन येणारे आपणहून दुकानाची पायरी चढायचे. अशा घरात बायकोनेच पिंजरा टांगायचा म्हणजे कमालच होती. आणि नवऱ्याचं एक वेळ बाजूला ठेवा, सुंदरबाईंचं स्वतःचं मन कुठे तयार होतं? रोज संध्याकाळी त्या प्रतिक्रमणाला बसत, दिवसभरातल्या दोषांची उजळणी करत. त्यात अगदी सुरुवातीलाच येतं ते जिवाला बांधून ठेवण्याचं पाप. इतकी वर्षं ते शब्द त्या भराभर म्हणून मोकळ्या होत होत्या. आता नेमक्या तिथेच अडखळू लागल्या.

यावर त्यांनी तोड काढली. पिंजरा हवा, पण मांजरापासून राखण्यापुरता. त्याला कडी नको. राहावंसं वाटलं तर राहील, नाहीतर जाईल. हे देवाला पटलं असतं की नाही कोण जाणे, सुंदरबाईंना पटलं.

बहिणीला भेटायचं निमित्त करून त्या जीपने नारायणगावला गेल्या आणि चांगदेव वेल्डिंगवाल्याकडून द्राक्षांच्या मांडवाच्या उरलेल्या तारेचा पिंजरा करवून घेतला. चांगदेवने दोनदा विचारलं, "कडीबिगर?" आणि मग हसून म्हणाला, "येवढ्यात तर बिबट्या बसंल की, शेठाणी! वनखात्याला देताय का?" त्याला काय हसायला जातंय. सुंदरबाईंनी पिंजरा चादरीत गुंडाळून आणला आणि पोटमाळ्यावर, पीयूषच्या जुन्या पाळण्यामागे ठेवला.

मग दुपारी दुकानात शेठजींचा डोळा लागला की त्यांची तयारी चाले. दांडीला डाळिंबाची फांदी बसवली, कारण गुळगुळीत काठीवर पायाला पकड मिळत नाही असं गोजरबाईने सांगितलं होतं. पाण्याची वाटी, दाण्याची वाटी. पाणी गाळलेलंच द्यायचं, त्याला वेगळा नियम कशाला? सूर्य मावळला की दोन्ही वाट्या काढून घ्यायच्या, म्हणजे पाखराचाही चौविहार, रात्रीचा अन्नपाण्याचा त्याग, होईल. अडलं ते मिरचीवर. आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, घरात हिरवं काही शिजत नसे. मग पोपटाने त्या दिवशी काय खायचं? अहो, पोपटच मुळी हिरवा! सुंदरबाई एकट्याच माळ्यावर हसल्या आणि भिजवलेल्या चण्याच्या डाळीवर त्यांनी तिथी भागवून टाकली. कधीकधी त्या नुसत्याच रिकाम्या पिंजऱ्यापुढे बसत आणि हलकेच म्हणून बघत, "पानू." आपल्याच तोंडून ते बरोबर वाटत नसे. हाक दुसऱ्याकडून यावी लागते.

पर्युषण लागलं. सुंदरबाईंनी उपास धरले. एका सकाळी त्या व्याख्यानाला स्थानकात गेल्या होत्या. तिकडे डोंगरात चार दिवस घाट बंद होता. तो मोकळा झाल्या झाल्या पहिल्या एसटीने गोजरबाई निघाली. उपास संपल्यावर यायचं हे तिच्या लक्षात होतं. संपले की नाही हे तिला कुणी सांगायचं? दुकानाच्या पायरीवर तिने डोक्यावरचं तांदळाचं ओझं आणि हातातलं झाकलेलं डालगं टेकवलं आणि ती धापा टाकत बसली.

सुंदरबाई परत आल्या तेव्हा ती तिथेच बसली होती, आणि डालगं उपडं पडलेलं होतं.

"म्या बोलायच्या आत न्हेलं वो त्येंनी वर," ती रडकुंडीला येऊन कुजबुजली. "'आणलंस? लई बरं झालं' म्हनले, डालगं उचाललं आन् गच्चीत जाऊन सोडलं. म्या पळत गेले मागं. चिंचंवर जाऊन बसला. आन् शेठाणी, तुमचं नाव घेतलं त्येनं. पानू, पानू. दोनदा. आगदी मान्सावानी. मंग गेला."

गादीवरून शेठजी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "ऐकलं का? यंदा पहिलाच जीव पोपटाचा सोडला. केवढा देखणा होता!"

माणसाने धर्मच केला होता. रागवायला कुठे जागाच नव्हती, आणि राग तर पायापासून डोक्यापर्यंत भरला होता. त्या गच्चीवर गेल्या. चिंचेवर कुणी नव्हतं. संध्याकाळी शिवनेरीकडे पोपटांचे थवे परतू लागले, एकजात हिरवे, एकजात टीं-टीं करणारे. त्या अंधार पडेपर्यंत उभ्या राहिल्या. एकानेही पानू म्हटलं नाही. तो बोलला आणि ते डोंगरातल्या बाईने ऐकलं, शेठजींनी ऐकलं, बहुधा रस्त्यावरच्या हातगाडीवाल्यानेही ऐकलं. जिच्यासाठी होतं ती तेवढी स्थानकात बसली होती.

दुसऱ्या दिवशी पासोडी काढायला म्हणून शेठजी पोटमाळ्यावर चढले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. आले ते हातात पिंजरा घेऊन.

"हे काय?"

सुंदरबाईंनी सांगून टाकलं. सावरीचं झाड, चांगदेव, मिरची, सगळं. शेठजी ऐकत राहिले. त्यांनी पिंजऱ्याचं दार बोटाने ढकलून पाहिलं, ते आपोआप उघडं पडलं.

"पण पोपट कशाला? पाप डोक्यावर घेऊन?"

"मला कुणी हाक मारायला हवं होतं."

"मी मारतो की!"

"तुम्ही 'ऐकलं का' म्हणता."

"मग ऐकतेसच ना?" शेठजी हसले, पण बायको हसली नाही तेव्हा त्यांचंही हसू ओसरलं. ते म्हणाले, "चिंचेवर तो काहीतरी म्हणत होता खरा. मला वाटलं, पाखराची भाषा असेल." मग ते डाळिंबाच्या फांदीकडे बघत राहिले. "घोडनदीला तुझी आई हाक मारायची ती. त्यांच्या चुलीपाशी ऐकलेली आहे मी." आणि ते दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी एकदाही वर हाक मारली नाही. चहाही स्वतः येऊन मागितला, तोही नुसता मान हलवून.

पर्युषणाचा शेवटचा, संवत्सरीचा दिवस आला. प्रतिक्रमण आटोपून स्थानकाबाहेर सगळे एकमेकांना खमावत होते, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागत होते. घरी आल्यावर दर वर्षी सुंदरबाई नवऱ्याच्या पाया पडून क्षमा मागत आणि शेठजी वरवर "हो, हो, खमाया" म्हणून टोपी खुंटीला अडकवत. नवऱ्यानेही बायकोची क्षमा मागायची असते हे त्या घरात कुणाच्या गावी नव्हतं.

या वर्षी सुंदरबाई वाकणार तोच शेठजी मागे सरले. टोपी डोक्यावरच होती. त्यांनी दोन्ही हात जोडले, घसा खाकरला, दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. बाजारभावावर तासभर बोलणारा माणूस, त्याला दोन अक्षरं जड झाली होती.

"पानू," ते म्हणाले. "मिच्छामि दुक्कडं."

सुंदरबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"पोपट दोनदा म्हणाला होता," त्या म्हणाल्या.

शेठजींनी पुन्हा घसा खाकरला.