फांदीवरची थैली

विजयाचा नवरा गुणवंता चोर आहे, असं सौंसरात कुणीही सांगेल. त्याआधी अकरा वर्षं तो जिनिंगमध्ये कापूस वाहत होता, हे मात्र कुणाला आठवत नाही. जिनिंग बंद पडली. दोन महिने त्यानं दारोदार काम मागितलं, आणि एका दुपारी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर एका बाईची पर्स हिसकून पळाला. ज्यांना दोन महिने त्याच्याशी बोलायला फुरसत नव्हती, ते मारायला दोन मिनिटांत गोळा झाले.

आठ महिन्यांनी तो तुरुंगातून सुटून आला. कामाचं नाव काढलं की लोक दुसरीकडे बघत. घरी तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकदा म्हणाला, "काम नाही भेटलं तर मी पुन्हा तेच करीन, विजया. जेलात निदान जेवाले तरी भेटते."

विजया संत्रा तोडणाऱ्या टोळीत जायची. टोळीच्या मुकादम सुशीलाबाईपुढे तिनं पदर पसरला.

"त्यायले घ्या न, बाई. जिम्मा माहा."

"बाया काय म्हणतीन वं?" सुशीलाबाईनं तिचा पदर उचलून तिच्या खांद्यावर टाकला. "आण उद्या. पन तुह्या भरोशावर घेऊन राहिली."

टोळीची एक रीत होती. बगिच्यात पोचलं की सगळ्यांनी आपापली थैली बांधावरच्या कडुलिंबाला टांगायची. तीत डबा, मोबाईल, असेल ते. राखण कुणी करायचं नाही. ज्याची थैली फांदीवर, तो माणूस टोळीतला.

बोरगावच्या बगिच्यात गुणवंतानं सगळ्यांत आधी थैली टांगली आणि मान खाली घालून कामाला भिडला. दुपारपर्यंत त्याच्याइतके क्रेट कुणाचेच भरले नव्हते. सुशीलाबाईही म्हणाली, "हात चांगला चालते बाबा." विजयाला वाटलं, सुटलो एकदाचे.

जेवायची वेळ झाली. गुणवंता कडुलिंबाखाली गेला आणि तिथंच उभा राहिला. फांदीवर एकच थैली होती, त्याची. बाकी बायकांनी आपापल्या थैल्या खांद्याला अडकवून, कमरेला बांधून सकाळभर संत्री तोडली होती.

विजयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटत तुमाले?" ती किंचाळली. "सकाळपासून मरमर करून राहिला तो मानूस! जगू देता का नाही त्याले?"

सुशीलाबाई नुसती विजयाच्या खांद्याकडे बघत होती. गुणवंताही तिकडंच बघत होता.

विजयाचा हात खांद्याकडे गेला. रोज पोचल्या पोचल्या टांगायची ती थैली आज तिनंही टांगली नव्हती.

"अवो, माह्या ध्यानातच नाही राहिलं..."

"राहू दे," गुणवंता म्हणाला. त्यानं आपली थैली फांदीवरून काढली आणि पांढुर्ण्याची बस थांबते त्या रस्त्याला लागला. विजया हाका मारत त्याच्यामागं धावली, आणि पावलागणिक थैली तिच्या कमरेवर आपटत राहिली.