आधी शिपायाचे पाय

माझ्या नवऱ्याला सगळं गाव हवालदारसाहेब म्हणायचं. मी तोंडानं काहीच म्हणायचे नाही, नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. मनातल्या मनात मात्र मी त्यांना काय काय म्हणत आले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नातवंडं म्हणतात, आजी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. बोलते की. दारूला कधी शिवले नाहीत, ताटात अन्न टाकलं नाही, माझ्यावर हात एकदाच उगारला आणि तोही तसाच खाली घेतला. झालं चांगलं बोलून. आता बाकीचं सांगते.

आमचं गाव जाफराबादेच्या अंगाला, पूर्णेच्या काठावर. राज्य निजामाचं. आमचे हे सरकारी पलटणीत हवालदार, हाताखाली दहा-बारा शिपाई. रजेवर आले की बदनापूरच्या ठेसनावर उतरायचे आणि तिथून मिळेल त्या बैलगाडीनं गावाकडं यायचे. गाडीत बसूनही पाय बाहेर काढून ठेवायचे, बूट लोकांना दिसावेत म्हणून. बूट असे लखलखीत की पोरं वाकून त्यात तोंडं बघायची.

रजा संपली की गावातला एखादा तरणा पोरगा भरतीला सोबत न्यायचे. त्याची आमच्याकडं एक रीत होती. कप्तान, डाक्टर, मोठे साहेब ही माणसं गावातल्या आयांनी कधी पाहिलेली नव्हती. हवालदार तेवढा लहानपणी त्यांच्या डोळ्यांसमोर नागडा हिंडलेला. म्हणून पोराची आई आपल्या घरची भाकरी आणि कोरड्यास घेऊन हवालदाराच्या घरी यायची. ताट हवालदाराच्या बायकोनं मांडायचं. त्या एकाच ताटात हवालदार आणि पोरगा जेवायचे, आई समोर बसून बघायची, आणि शेवटचा घास हवालदारानं आपल्या हातानं पोराच्या तोंडात घालायचा. बस, एवढंच. शपथ नाही, अंगठा नाही. पण त्या घासानंतर त्या पोराचं दुखलंखुपलं हवालदाराच्या माथी. ताप आला तर उशाशी त्यानं बसायचं, पोरगं चुकलं तर साहेबाचे बोल आधी त्यानं खायचे. अशा पोराला गावात 'ताटातला' म्हणत.

गावाच्या कडेला एक धनगरीण राहायची. नवरा गेलेला, मेंढरं थोडी, आणि एकच लेक. आम्ही तिला काकू म्हणायचो. तिच्या लेकाला पलटणीचं वेड लागलं. काकू पुष्कळ आडवी आली, शेवटी एका सकाळी भाकरी घेऊन आमच्या दारात आली. ताट मीच मांडलं. लग्न होऊन मला फार दिवस झालेले नव्हते.

काकू यांना म्हणाली, "हवालदारा, ह्याला पायतान सोसत न्हाई. जल्माचा अनवाणी, मेंढरामागं. पाय बघ कसले रुंद हायेत. बुटात कोंडशील तर लंगडा व्हईल माझा."

हे हसले. घास तोंडात ठेवूनच हसले. "काकू, तू बिलकुल काळजी करू नको. हवालदाराचं काम काय आस्तं, ठाऊक हाय का तुला? आमच्या उस्तादानं शिकवलंय, पहले सिपाही के पाँव, बाद में अपना पानी. कूच करून मुक्कामाला पोचलं की आधी एकेकाचा बूट काढायचा, तळवा बघायचा. फोड आला आसंल तर सुईनं फोडायचा, तेल लावायचं. सगळ्यांचं झाल्यावर मंग आपल्या घशात पाणी. जेवण बी आपलं शेवटी. तुझ्या पोराचं बोट दुखलं तर आधी मला कळंल, मंग त्याला."

"तूच बोललास हे," काकू म्हणाली. "ध्यानात ठीव."

"ठीवलं," म्हणून यांनी शेवटचा घास त्याच्या तोंडात घातला. मी उंबऱ्यात उभी होते. मला माझ्या नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला, काय सांगू.

पुढच्या वर्षाला ज्वारीची काढणी चालू होती. भर दुपारी एक कडब्याची गाडी काकूच्या झोपडीपुढं थांबली आणि कडब्यावरून तिचा लेक उतरवला. उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला, फडकं पिवळं पडलेलं. बायकांबरोबर मीही पळत गेले. काकूनं फडकं सोडलं आणि आम्ही सगळ्या मागं सरकलो. पाय भोपळ्यासारखा सुजलेला, तळव्याची कातडी काळी पडून सोलून आलेली, आणि वास.

"बिब्बा उतला," काकू नुसतं बघून म्हणाली.

बिब्ब्याचं सांगायला पाहिजे, आता कुणी वापरत नाही. काटा मोडला, टाच भेगाळली की आमच्याकडं बिब्बा घालायचे. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचा चटका द्यायचा. पुष्कळांना सोसतो. एखाद्याला उततो, म्हणजे अंगाला लागतो आणि असं होतं. मग खोबरं चावून त्याचा लगदा लावायचा आणि पाय उघडा ठेवायचा. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पोरगं पाणी प्यालं आणि हळूहळू बोललं. पलटणीचं मोठं कूच होतं. नंतर मुआइना, म्हणजे मोठ्या साहेबाची तपासणी, व्हायची होती, आणि ज्या हवालदाराचा एकही माणूस रांगेतून गळणार नाही त्याला बढती देऊन जमादार करणार अशी बोलवा होती. पहिल्याच दिवशी बुटानं तळव्याला हा एवढा फोड आणला. मुक्कामाला पोरगं बूट काढून बसलं, हवालदार येतील म्हणून. हवालदार कप्तानाच्या तंबूपुढं हजेरी लावत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच. मग त्यानं गाठोड्यातला बिब्बा काढला. आईनंच बांधून दिलेला. चटका दिला, सकाळी त्यावरच बूट चढवला आणि चालायला लागला. दुपारी रस्त्यात कोसळला.

डाक्टरानं बूट कापून काढला. पलटणीत काही कामचोर मुद्दाम बिब्ब्यानं अंग सुजवून घेत, ते त्याला माहीत होतं. तो म्हणाला, ह्यानं जानबूझकर पाय जाळलाय. कप्तानानं आमच्या यांना बोलावून विचारलं, "हवालदार, शाम को पाँव देखे थे?"

"मंग?" मी विचारलं. "काय म्हणले?"

पोरानं माझ्याकडं बघितलं नाही. "म्हणले, जी हुजूर, बिलकुल साफ थे."

म्हणजे पोरगं कामचोर ठरलं. कैद, आणि त्यानंतर कामचोर म्हणून हाकलणं. दवाखान्यात पायाकडं कुणी धड बघेना. तेव्हा ते तिथून निसटलं, एका मालगाडीवाल्याच्या हातापाया पडून बदनापुरापर्यंत आलं आणि तिथून कडब्यात. काकू खोबरं चावत बसली, मीही शेजारी बसून चावू लागले. तिनं माझ्या हातातला लगदा घेतला, पण माझ्याकडं मान वळवली नाही.

त्याच आठवड्यात आमचे हे आले. पोराला परत घेऊन यायचा हुकूम होता. दारात पाऊल टाकलं ते, "कुठंय तो?" पाणी नाही, आईच्या पाया पडणं नाही.

"कोण?" मी म्हटलं.

"तुला ठाऊक हाय कोण. भगोडा."

"पळता आलं असतं तर भगोडा म्हणा. त्याला तर कडब्यात घालून आणलंय."

असं मी कधी बोलले नव्हते. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, ओसरीवर तूर पाखडत होती. ती म्हणाली, "दमून आलाय त्यो. गप बस जरा."

तेवढ्यात अंगणात माणसं शिरली. पुढं काकू, डोईवर भाकरीचं फडकं. मागं चौघांनी बाज उचललेली, बाजेवर पोरगं. निम्मं गाव काढणी टाकून आलेलं. बाज अंगणाच्या मधोमध ठेवली.

"सूनबाई, ताट मांड," काकू मला म्हणाली. "न्यायला आलाय न्हवं हा? जसा नेल्ता तसाच नेऊ दे."

मी तेच ताट आणलं. भाकरी तिनं वाढली. हे उभेच.

"काकू, हा खेळ न्हाई. सरकारी काम हाय. ह्याला जल्दी नेला न्हाई तर उद्या चार शिपाई येतील अन् बेड्या घालून नेतील. ह्यानं आपल्या हातानं पाय जाळलाय."

"ह्यानं जाळला, का तू बघितला न्हाईस?"

"म्या बघितला. साफ होता."

पोरगं बाजेवरून हळूच म्हणालं, "हवालदारसाहेब, त्या दोन्ही सांजेला तुम्ही आमच्यात आल्तेच न्हाई."

"चूप! हवालदारासमोर तोंड उघडतो?"

मागून एक म्हातारा बोलला, "इथं कुठली आलीय पलटण? इथं तू त्या ओसरीवरल्या म्हातारीचं पोरगं. आवाज खाली."

लोक हसले. हसणं चांगलं नव्हतं. यांचा चेहरा तापला आणि ते नको ते बोलून गेले, "शहाणा माणूस पायाला बिब्बा लावून घेतो का? कामचोरच घेतो!"

इतका वेळ मी खांबाला धरून होते. म्हटलं, "अहो, बूट काढा."

"काय?"

"डाव्या पायातला. अन् टाच दाखवा सगळ्यांना. लग्नापासून त्या पायावर पाणी मी घालून राह्यले. त्या टाचेवर काळा डाग कसला हाय ते सांगा ह्यांना. तुम्ही कुठलं कूच टाळलं होतं?"

यांनी हात उगारला. मी मागं सरले नाही, मागं भिंतच होती.

ओसरीवर सूप आपटल्याचा आवाज आला. आत्याबाई उठून उभी राहिली होती. "मारायच्या आधी बूट काढ," ती लेकाला म्हणाली. "तो बिब्बा म्याच घातल्ता तुला. उतल्यावर दिवसभर खोबरं चावून माझा जबडा आखडला होता. कामचोर म्हणतोस व्हय रे?"

हात खाली आला. बूट काही त्यांनी काढला नाही. ताटासमोर बसले, भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो हात ताटातच राहिला. काकू समोर बसून बघत होती, त्या दिवशी बसली होती तशीच. मग ते उठले, बाजेजवळ गेले, आणि फडकं सोडून पाय बघितला. बघायचा होता तेव्हापासून किती उशिरानं! पुष्कळ वेळ बघत राहिले. मला म्हणाले, "खोबरं आण."

"आणलंय. लावलंय बी. तुमच्यासाठी कुणी थांबलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. पोराला गवतावर निजवलं. काकू कुणाला न विचारता गाडीत चढून बसली. "तुझ्यावर सोडला होता एकदा," एवढंच यांना म्हणाली.

पुढचं पोरानंच परत आल्यावर सांगितलं. कप्तानासमोर हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हुजूर, पाँव मैंने नहीं देखे थे. कसूर मेरा है." कप्तानानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. पोराची कैद टळली, कामचोर हा शब्द पुसला गेला, पायाला दवा मिळाली. पाय राहिला. दोन बोटं मात्र गेली आणि तळवा वाकडा बसला.

हे पुढच्या रजेवर आले तेव्हा बाहीवरच्या हवालदारकीच्या पट्ट्या उसवलेल्या होत्या. तिथलं कापड बाकीच्या बाहीपेक्षा गडद, नवं. सगळं गाव ते बघत होतं आणि त्यांनी हात लपवला नाही, हे खरं. घरात आल्यावर मला म्हणाले, "झालं समाधान?"

"माझं कसलं? पाय त्याचा गेला."

त्यानंतर एक वर्षभर ते रजेवर आले की आमचं बोलणं आत्याबाईमार्फत चाललं. "तिला सांग, पाणी दे." "त्याला सांग, ठेवलंय." मला कुणी कुणी म्हणायचं, अगं, शेवटी खरं बोलला की नाही? बोलला. अंगणात कोंडल्यावर बोलला. उस्तादाचा तो धडा त्यांनी आमच्या घरात इतक्या वेळा बोलून दाखवला होता की आत्याबाईलाही पाठ झाला होता. एका मुक्कामाला, नुसतं वाकून, बूट ओढून बघायचं होतं. जमादारकीच्या आशेपायी तेवढं झालं नाही, आणि वर त्या पोरालाच खोटं पाडलं. हे मी त्यांना जिवंतपणी तोंडावर म्हटलेलं आहे, म्हणून इथं लिहायला मला काही वाटत नाही.

गावातल्या कुठल्याही आईनं पुन्हा आमच्या घरी भाकरी आणली नाही. पुढं पलटणच राहिली नाही, राज्यही राहिलं नाही. हे घरी येऊन वावर बघू लागले. काकूचा लेक मेंढरंच राखायचा. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावून वावरात मेंढरं बसवतात, खतासाठी. गावातल्या सगळ्यांच्या वावरात त्याची मेंढरं बसली. आमच्या नाही. यांनी दर साल निरोप धाडला, दर साल काकूकडून उत्तर आलं, सवड न्हाई. आमच्या बांधावरून मात्र तो जायचा, वाकडा पाय टाकत, अनवाणी. तो दिसला की हे हातातलं काम टाकून उभे राहायचे, तो दिसेनासा होईपर्यंत. त्यानं कधी मान वळवली नाही.

मी खुरपत राहायचे.